तुरीची डाळ न शिजणारे पाणी

श्रीगजाननाला वंदन. उद्या माझे सहस्रचंद्रदर्शन. गावकरी मला ‘सत्यवचनी’ म्हणून ओवाळणार आहेत. त्याआधी, वाचका, जे आजवर पत्नीलाही सांगितले नाही ते तुला सांगतो — ऐकशील?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातली गोष्ट. शेलूबाजारजवळच्या आमच्या गावी कापसाची सरकी काढणारे जिन होते. त्याचे तेलावर चालणारे इंजिन किसन मिस्त्री सांभाळी. इंजिनाभोवती पाणी खेळते ठेवावे लागे, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात ठेववला पाहिजे, ही त्याने ठरवलेली उष्णतेची मर्यादा. ते पाणी बैलगाडीवरच्या टाकीतून येई — देवळाच्या विहिरीचे. देवळाचा पुजारी मी.

दसऱ्याला मी इंजिनाची पूजा सांगत होतो. मंत्र अर्ध्यावर असताना किसन सर्वांदेखत म्हणाला, “महाराज, तुमच्या मंतरानं इंजन थंड होत असतं, तं म्या पानी कायले मांगतलं असतं?” जिनचा मालक पोट धरून हसला.

एवढ्यासाठी? — होय, एवढ्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी मी गाडीवानाला सांगितले: देवळात अनुष्ठान आहे, हंगामभर नाल्याकाठच्या विहिरीचे पाणी भर, मिस्त्रीशी मी बोललो आहे. बोललो नव्हतो. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. ते तापवलेल्या भांड्याला पांढरी खपली धरे, ती छिन्नीशिवाय सुटत नसे. इंजिनाच्या पोटात ते काय करील — मला कळत नव्हते का?

हिवाळ्यातच पाण्यात हात ठेववेना. किसनने अधिक पाणी सोडले, म्हणजे अधिक खपली; आणि खपली जाड होईल तसे इंजिन अधिकच तापे. मी मुद्दाम पाहायला जात असे. तो पोळलेला हात झटकी, घामाघूम होई, आणि मला — कसे लिहू? — जपातही कधी लाभली नाही अशी गोडी त्यात लाभे.

अखेर सिलिंडर तडकला. आत बोटभर पांढरा थर. किसनने वेळेवर साफसफाई केली नाही, असे मालक म्हणाला. किसन पाण्याकडे बोट दाखवू लागला, तेव्हा मालकाने मला विचारले, “महाराज, पाणी कोणतं होतं?” मी यज्ञोपवीताला हात लावून म्हणालो, “देवळाचंच.” गाडीवान मान खाली घालून उभा राहिला. पुजाऱ्याला खोटे कोण पाडणार?

किसनची चाकरी गेली. गाव सोडताना बायकोला गाडीत बसवून तो एकटा देवळात आला.

“महाराज, मी कोनाले सांगत नाई. पन पानी बदललं व्हतं ना? नाई तं मी उमरभर सोतालेच गुन्हेगार समजीन.”

मी म्हणालो, “नाही.”

तो माझ्या पाया पडला. तेव्हाही मला आनंदच झाला — सूड पुरा झाल्याचा. पुढे केनवडकडे कोणी त्याला निंदणीच्या मजुरीवर पाहिले. इंजिनाला तो पुन्हा हात लावत नाही, असे कानी आले. केनवड काय लांब होते? मी गेलो नाही.

वाचका, तुझे घर, लेकरे, गुरेढोरे सुखी असोत. तुझ्या दारी आलेला कोणी खोटे उत्तर घेऊन परत न जावो. शुभं भवतु.