दादाच्या काळजातला फुगा

माझ्या भावासाठी आमच्या दारावर पहिल्यांदा रडारड झाली, तेव्हा तो जिवंत होता.

गल्लीच्या तोंडाशी उठलेला तो हंबरडा अजून माझ्या कानात आहे.

नव्वदीची सुरुवात. दादा जळगावात डाळमिलमध्ये सुपरवायझर. छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची नळी अरुंद झालीय, मुंबईला जा. मांडीतून बारीक तार घालतील, तिच्यावर इवलासा फुगा. तो आत फुगवला की रस्ता मोकळा.

बलून ॲन्जिओप्लास्टी.

"पूर्ण भूल देतात ना?" दादाने विचारलं.

"नाही. तुम्ही जागे असाल."

 घराजवळ आल्यावर दादा हळूच म्हणाला, "बाळ्या, जत्रेतला फुगा घरापर्यंत टिकला का रे कधी आपला?"



स्टेशनवर मला एवढंच सुचलं, "नीट जा, दादा."

वहिनी सोबत गेली. मी त्याच्या लहान पोरीला घेऊन घरी थांबलो.

ऑपरेशनचा दिवस गेला. निरोप नाही. शेजाऱ्यांचा फोन डेड.

जीव रमावा म्हणून शाळेतली पाठ कविता म्हणायला बसलो, तर दुसरं कडवंच आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा.

दोन दिवसांनी, भर दुपारी, तो हंबरडा.

धरणगावला दिलेली आमची थोरली बहीण, अक्का. डोक्यावरून पदर, मागे चार बायका.

"मना भाऊ वं! कथा गया रे तू!" कुठे गेलास रे, म्हणत ती ऊर बडवत होती.

मुंबईचा निरोप तिकडे आधी पोचला, असंच मला वाटलं.  मी पोरीचे कान झाकले.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. वहिनीचा हात धरून दादा उतरला.

"कोन मरी गयं वं अक्का?"

अक्काने आधी त्याला धपाटा घातला, मग मिठी मारली. निरोप कुठला? काळजात फुगा घातला आणि काहीच कळेना, म्हणजे भाऊ गेलाच, असं धरून ती निघाली होती.

नळी पुन्हा बंद होऊ शकते, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दादा जिना चढला की कित्येक वर्षं मी खाली श्वास धरून उभा असायचो.

काल दादा गेला. झोपेत.

अक्काला कळवायचं नाही, असं ठरलं होतं. तिने कित्येक महिन्यांत उंबरा ओलांडलेला नव्हता.

आज सकाळी गल्लीच्या तोंडाशी तोच हंबरडा. आता चिरका, थकलेला.

सुनेला धरून अक्का दारात उभी. तिला कुणी कळवलं, कोण जाणे.

रडता रडता ती एकदम थांबली. वळून गल्लीकडे बघू लागली.

रिक्षा येते का ते.

मीही बघितलं.

नीट जा, दादा.