पाच डॉलरचा हात

"दोन एक्के होते तुझ्या हातात, व्हर्लिन. दोन! आणि लावलेस किती? पाच डॉलर?"

"सवय गं."

"शंभरपर्यंत लावायची मुभा असताना?"

"हळू बोल, आर्डिथ. या ट्रेलर-घराच्या भिंती पातळ आहेत."

"ऐकू दे की शेजाऱ्यांना. गावाला कळलंय सगळं, फक्त तुलाच कळायचंय."

व्हर्लिन नवऱ्याच्या अधिकाराने काहीतरी बोलणार होता, पण बायकोची बॅग दाराशी भरून ठेवलेली दिसली आणि तो खुर्चीत बसला.

कोलोराडोच्या डोंगरातली सोन्याची खाण बंद पडली तेव्हा तो जुगारघरातल्या पोकरच्या टेबलाशी जाऊन बसला, तो कायमचाच. दोन पत्ते ज्याच्या त्याच्या हातात, पाच मधे सगळ्यांचे. चाल दोन ते पाच डॉलरची, त्याच्या वर नाही. आता पाच डॉलरला कोण भिणार? बसने आलेल्या म्हाताऱ्या, ट्रकवाले, सगळे शेवटच्या पत्त्यापर्यंत गोचिडासारखे चिकटून बसायचे. इथे भारी पत्ते असल्याची हूल देऊन कुणाला उठवता येत नाही, हे व्हर्लिनने पहिल्याच हिवाळ्यात ओळखलं. भिकार पत्ते टाकायचे, चांगले आले की पाच, पुन्हा पाच. शेवटी समोरच्याने चाल केली तर त्याचे पत्ते बघायचेच, पाचासाठी पळायचं कशाला? आर्डिथ हॉटेलात न्याहारी वाढायची. तिच्या पगाराला हा हातभार लागून घर चालायचं.

मग चालीची मर्यादा शंभरावर न्यायची की नाही, यावर गावाचं मत घेतलं गेलं आणि ती शंभरावर गेली.

"तूच 'हो' म्हणून आलास," आर्डिथ म्हणाली.

"वाटलं, टेबलावर जास्त पैसा येईल. जो धीर धरेल त्याच्याकडे येईल."

"आला ना! शहरातल्या पोरांच्या खिशात बसून आला आणि तुझा घेऊन गेला. कालचंच सांग. तू पाचच लावलेस म्हणून पाच जण तुझ्यामागे आले?"

"आले."

"शंभर लावले असतेस तर?"

"पळाले असते."

"आणि त्यातल्या टोपीवाल्या पोराला शेवटचा पत्ता लागला, त्याने शंभर सरकवले, तेव्हा मात्र तू भरलेस!"

"बघायला नको? आम्ही नेहमी बघायचो."

"ट्रेलरच्या जागेचं भाडं होतं ते. प्वेब्लो शहरात बहिणीने खोली रिकामी केलीय. चल माझ्याबरोबर."

"तिथे टेबल कुठाय? मी शिकतो, आर्डिथ. शिकता येतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग फडताळातून पत्ते काढले, सुक्या घेवड्याचे दाणे दोघांपुढे ओतले. "एक दाणा म्हणजे पाच डॉलर. मी तो टोपीवाला. हे घे तुझे एक्के. लाव."

"सगळे लावतो, बघ."

त्याचा हात ढिगाकडे गेला, बोटं पसरली, आणि एकच दाणा पुढे आला. व्हर्लिन आपल्या बोटांकडे दुसऱ्या कुणाची असावीत तसा बघत राहिला.

"पुन्हा," तो म्हणाला.

या वेळी त्याने मूठभर सरकवले. मग त्यातले तीन हळूच मागे ओढले.

"घेवडा आहे रे तो," आर्डिथचा आवाज एकदम मऊ झाला. "नुसता घेवडा."

"माहितीये. तरी हात मागे येतो."

तिने मधले पाच पत्ते मांडले. आपले दोन उचलून पाहिले, पालथे ठेवले आणि आपला सगळा ढीग पुढे ढकलला. "शंभर. माझ्याकडे काय असेल, विचार कर. पत्ते टाकून पॅक हो म्हटलं तर होशील?"

त्याने विचार केला. मधे बदामाचे तीन पत्ते, तिचे दोन बदाम असले तर कलर. तिचा चेहरा थकलेला, सरळ. सगळं कळत होतं.

"बघतो," तो म्हणाला, आणि उरलेला घेवडा पुढे लोटला.

आर्डिथ उठली. कोट घातला, बॅग उचलली.

"अगं, पत्ते तरी उलट. कलर होता ना? की हूल होती? आर्डिथ, हूल होती का?"

तिने दार उघडलं, पायरी उतरली आणि बसच्या थांब्याकडे चालू लागली.