हेंकने न मारलेला गोल

हेंक गेल्याचा माझ्या मैत्रिणीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. ते सगळे जळले. त्याला आता पाच आठवडे झाले. त्या दिवशी खूप रडले, पण खोटं कशाला बोलू, त्याची आठवण आली की मला आधी हसूच येतं. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या दहा मराठी बायकांना, त्याही सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या, फुटबॉल शिकवायला निघालेला हा डच माणूस!

तो आमच्या घरापासून चार घरं सोडून राहायचा. आम्ही दहाजणी रोज सकाळी पार्कात चकरा मारायचो, तोंडं पायांपेक्षा जास्त चालायची. एकदा तो वाटेतच उभा राहिला आणि म्हणाला, "रोज एवढं चालता, आणि एकीजवळही बॉल नाही?" दुसऱ्या दिवशी बॉल घेऊन हजर, आणि दर शनिवारी खेळायचं ठरलं. हा चालत खेळायचा फुटबॉल, यात पळालं की फाऊल. सुनंदा म्हणाली, "अगं, हा गेम आपल्यासाठीच डिझाइन केलेला दिसतोय!"

तरुणपणी हेंक हॉलंडमधल्या एका लहानशा गावच्या क्लबचा मिडफिल्डर होता. मागून आलेला बॉल घ्यायचा आणि पुढच्याला नेमका नेऊन द्यायचा, हे त्याचं काम. "म्हणजे पंगतीतला वाढपी," मी म्हटलं आणि पंगत म्हणजे काय ते समजावलं, तर त्याला ते इतकं आवडलं की भेटेल त्याला सांगत सुटला. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला. मग तो अमेरिकेत आला आणि निवृत्त होईपर्यंत कॉलेजच्या मुलींना फुटबॉल शिकवत राहिला. त्या मुली आता स्वतः कोच झाल्यात, त्याला ख्रिसमसला कार्डं पाठवायच्या. एवढ्या अनुभवी माणसाच्या वाट्याला शेवटी आम्ही आलो...

आमचा रोग एकच, आग्रह. गोलपाशी पोचलं की "तू मार गं", "नको बाई, तूच मार". एकदा गोलच्या तोंडाशी बॉल आमच्या पाचहीजणींकडून फिरला आणि शेवटी सुनंदाने तो चक्क समोरच्या टीममधल्या नीलिमाला दिला. का, तर "तिला बिचारीला मघापासून मिळालाच नव्हता"! हेंक गवतावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

माझ्या बाबतीत मात्र तो हसत नसे. एकदा खेळ संपल्यावर त्याने मला थांबवलं. "विदुला, तुझा पास सगळ्यांत चांगला. मग गोलवर एकदाही का मारत नाहीस?" मी म्हटलं, "आमच्यात तसंच शिकवतात. आधी दुसऱ्याला." मग त्याने मला त्याची एक मॅच सांगितली. जिंकले असते तर त्यांचा क्लब वरच्या लीगमध्ये जाणार होता. शेवटच्या मिनिटाला गोल समोर मोकळा होता, बॉल त्याच्या पायाशी होता आणि त्याने तो बाजूच्या मित्राला दिला. मित्राचा नेम चुकला. गावच्या पेपरने हेंकला निःस्वार्थी खेळाडू म्हटलं, आईने ते कात्रण फ्रेम करून लावलं. "पण मी निःस्वार्थी वगैरे नव्हतो," तो म्हणाला. "मी घाबरलो होतो. चुकलंच तर ते त्याचं चुकावं, माझं नाही... एवढंच."

मला त्याचा भयंकर राग आला. बावीस वर्षं मी इथल्या गाड्यांच्या कंपनीत ब्रेकचं डिझाइन केलं आणि दर वेळी ते मांडायला दुसऱ्या कुणाला तरी पुढे केलं. "तू प्रेझेंट कर ना, तुझं इंग्लिश चांगलं आहे." त्याला मी संस्कार म्हणत आले होते. दोन शनिवार मी खेळायलाच गेले नाही.

तिसऱ्या शनिवारी गेले. गोलसमोर बॉल आला, बाजूला सुनंदा मोकळी होती, हातही करत होती. मी मारला. गोलच्या कितीतरी वरून तो थेट पार्किंग लॉटमध्ये, कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर आदळला. आणि हेंक? दोन्ही हात वर करून, त्या मोडक्या गुडघ्यावर नाचत माझ्याकडे आला. "ही चूक तुझी! अख्खी तुझी!" म्हणत त्याने माझा हात इतका हलवला की खांदा दुखला. इतका आनंद मला कुठल्या प्रमोशनलाही झाला नव्हता. त्यानंतरच्याच आठवड्यात तो झोपेत गेला.

परवा त्याची बायको मारिया बॉल भरलेली जाळीची पिशवी घेऊन पार्कात आली. पुढे कोण शिकवणार, असं तिने विचारलं. झालं, आमचं सुरू. "सुनंदा, तू घे." "छे गं, नीलिमाला जमेल." "मला नको बाई." माझ्याही ओठांवर कुणाचं तरी नाव आलंच होतं... पण मी पुढे झाले आणि मारियाच्या हातातून जाळी घेतली. "मी शिकवते," म्हटलं. मारियाने मला मिठी मारली आणि आम्ही दोघी रडता रडता हसत सुटलो.

आता ती जाळी माझ्या गाडीच्या डिकीत असते. काल ग्रोसरीच्या पिशव्या हातात घेऊन नवरा डिकीपाशी उभा राहिला. "हे बॉल काढ ना जरा, सामान कुठे ठेवू?"

"मांडीवर घे," मी म्हटलं आणि डिकी बंद केली.