मंडईत बदललेला शेवट

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मराठीच्या मॅडमनी एखाद्या जुन्या चित्रपटाच्या शेवटावर लिहायला सांगितलं, तेव्हा चूक नको म्हणून मी तोंडपाठ असलेला सिनेमा निवडला. खरं तर तो मी पाहिला नव्हता. धान कापताना बाबा दरवर्षी सांगायचे, संवादांसकट. शेवटी घर सोडून गेलेला मुलगा परततो आणि आई काही न विचारता ताट वाढते. त्या ताटावर मी तीन पानं लिहिली.

मॅडमनी वही परत केली. खाली एकच ओळ होती: नक्की कोणता चित्रपट पाहिलास? सोबत त्याच सिनेमाची नव्याने निघालेली, साफ केलेली डीव्हीडी दिली आणि पाहून पुन्हा लिहून सोमवारी वर्गासमोर वाचायला सांगितलं. मला आपलं वाटलं, मॅडमच विसरल्या असतील.

रविवारी दुपारी तिरोड्याच्या मामाचा प्लेअर आणून आम्ही तिघं बसलो. मायने हा सिनेमा लग्नाआधी आमच्या गावच्या मंडईत पाहिला होता, पाहुणी म्हणून आली तेव्हा. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा; तिथे दुपारी व्हिडिओवर सिनेमा असायचा आणि तो लावणारे बाबाच.

शेवट जवळ आला तसे बाबा उठले. बैलांना पाणी दाखवायचं म्हणाले.

"कायले उठून राहिले?" माय म्हणाली. "आता तं ताट वाढते. बसा."

बाबा बसले. पडद्यावरचा मुलगा दारापर्यंत आला, थांबला आणि वळून निघून गेला. आत आईने दिवा मालवला. समाप्त.

मायला वाटलं डीव्हीडी खराब आहे. तिने मागे घ्यायला लावली. मी दोनदा घेतली. मुलगा आणखी दोनदा निघून गेला.

मग भिंतीकडे बघत बाबांनी सांगितलं. संध्याकाळी तोच मांडव नाटकाला लागायचा. सिनेमा लांब, म्हणून शेवटाआधीच कॅसेट काढून ते उरलेलं तोंडी सांगायचे. पहिल्या वर्षी खरं तेच सांगितलं.

"बाया रडत घरी गेल्या, नाटकाले कोनी बसेना. नाटकवाले मले माराले उठले. मंग दुसऱ्या साली पोराले घरी आनलं."

मायने विचारलं, "अजून कोनत्या सिनेमात असं केलं तुमी?"

बाबा म्हणाले, एकात. चहा होईपर्यंत ते चार झाले. एका सिनेमात तर त्यांनी मेलेल्या सासऱ्याला जिवंत करून लग्नात नाचवलं होतं.

माझा सोमवार मात्र तसाच होता. खरा शेवट लिहून गप्प बसता आलं असतं. आधी सिनेमा पाहिलाच नव्हता, हे मॅडमना नक्की कळलंही नसतं. मी वही उघडली आणि पहिलं वाक्य लिहिलं: हा चित्रपट न पाहताच मी त्यावर लिहिलं होतं. पुढे मंडईचं सगळं लिहिलं. बाबांनी डोकावून विचारलं, हे सांगणं गरजेचं आहे का. माय म्हणाली, "लिहू द्या तिले."

वर्गात पहिलं वाक्य मी वहीतून मान वर न करता वाचलं. बैलांच्या पाण्यापाशी मुलं हसली तेव्हा समोर बघितलं. सासऱ्यापाशी मॅडमही हसल्या. नंतर त्यांनी सरळ सांगितलं की न पाहता लिहिल्याचे गुण कापले जातील, आणि कापलेही.

घरी आल्यावर मी बाबांना ते सांगितलं. ते हळूच म्हणाले, "अन् माझ्या शेवटाले किती देल्ले?"