खवल्यांचं निमित्त

गोदूबाईचे हात कधी स्वस्थ नसत. तारापूरच्या खाडीकाठी तिच्या वस्तीत सगळ्यांना वाटे, बाई फार कामसू. मासे निवडून झाले की जाळं सांधायला बसायची, ते झालं की अंगण सारवायला घ्यायची. खरं कारण निराळं होतं. हात मोकळे राहिले की ते आपोआप कोपराकडे जात आणि खाजवलं की पांढरे पापुद्रे भुरभुर गळत.

कोपरावर आधी रुपयाएवढा लाल चट्टा उठला, मग तो मनगटापर्यंत पसरला. शेजारणीने पहिल्यांदा विचारलं तेव्हा गोदूबाईच्या तोंडून निघून गेलं, खवले चिकटलेत गो. कोळीवाड्यात कुणालाही पटावं असंच हे उत्तर. तिने मग ते निमित्त सोडलंच नाही. माणसांत जायचं तर आधी चार मासे खवलायचे, मग जायचं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की निमित्तही संपे. मग ती विहिरीवरसुद्धा कुणी उठायच्या आत जाऊन येई. रात्री झोप उशिरा लागे. नवसी, तिची एकुलती लेक, कुशीत शिरायची. तिलाही तिने लहानपणीच वेगळी वाकळ दिली. आपलं पोरीला लागेल, ही एकच धास्ती.

अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं तसे तिथल्या दवाखान्यात गावच्या माणसांनाही तपासू लागले. नवऱ्याने, महादूने, तिला जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टर म्हणाले, हा महारोग नव्हे, शिवून कुणाला होत नाही. पण मुळासकट जाईल असंही नाही. काळजी केली की वाढतो. महादू निर्धास्त होऊन परतला. गोदूबाईने मात्र 'जाणार नाही' एवढंच धरून ठेवलं. वर काळजी करायची नाही, याचीही काळजी तिच्यामागे लागली.

सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात नवसीचं लग्न ठरलं. त्यांच्या घरात सुवासिनींची हळद झाली की शेवटचा हात आईचा. तिथी निघाल्यापासून गोदूबाईला चैन पडेना. घास गिळवेना. चट्टे लालभडक झाले, तळव्यांनाही भेगा पडल्या. सगळ्या गोतासमोर या हातांनी पोरीच्या गालाला शिवायचं कसं? कुणी महारोग म्हटलं तर लग्न मोडेल. आणि नाही शिवलं तर लेक आईच्या हळदीवाचून जाणार.

हळदीच्या दिवशी जेवणासाठी पाटीभर बोंबील आले. गोदूबाईने पाटी ओढली आणि ती मागीलदारी जाऊन बसली. मांडवातून बोलावणं आलं, तिने हात मळलेत म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा मोठी जाऊ काशीबाई स्वतः आली. म्हणाली, लग्न पोरीचं हाय का बोंबलाचं? गोदूबाईने मान वर केली नाही. हातभर खवले हायेत, तुमीच लावा, एवढं पुटपुटली.

काशीबाई गेली आणि नवसीच आली. अर्ध्या हळदीने पाटावरून उठून आली, मागे बायकांची कुजबुज सुरू झाली. ती आईसमोर उकिडवी बसली, पाटीतला एक बोंबील उचलून तिने आईपुढे धरला.

"आई, बोंबलाला खवले कंदीपासून आले?"

गोदूबाईचे हात थांबले.

"मला ठावं हाय," नवसी म्हणाली. "तू वेगळी वाकळ दिलीस, तवापासून. तू झोपलीस का मी तुझ्याच वाकळीत येत होते. मला काय झालं?"

गोदूबाईने हात धुतले. मांडवात हळदीची वाटी पुढे आली तेव्हा तिने बोटं बुडवली. हळद भेगांत झोंबली. तिने लेकीचे दोन्ही गाल माखले. एक पांढरा पापुद्रा गालावरच्या ओल्या हळदीत चिकटला, तो टिपायला ती घाईने वाकली, तसं नवसीने तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे."

मागे बायका एकमेकींना हळद लावायला सरसावल्या, पण कुणीतरी त्या वाटीला न शिवता दुसरी वाटी मागितली. गोदूबाईने ते ऐकलं, कोणाचा आवाज तेही ओळखलं. तिचा हात कोपराकडे निघाला होता. पण मनगट अजून लेकीच्या मुठीत होतं, आणि लेक सोडत नव्हती.