तिसऱ्या घरचं गोड

रारोटोंगा बेटावर उतरलेल्या पाहुण्यांना दर गुरुवारी संध्याकाळी तीन घरी जेवायला नेतात. पहिल्या घरी लिंबू पिळलेली कच्ची मासळी, दुसऱ्या घरी पोटभर जेवण, तिसऱ्या घरी गोड. मग योआने नावाचा वाटाड्या आपल्या गाडीतून त्यांना धक्क्यावरच्या बारमध्ये नाचायला नेऊन सोडतो. तिसरं घर आकाइतीचं. दुसरं तिच्या नणंदेचं, तेरेमोआनाचं. आकाइतीचं सगळं दुखणं या क्रमात होतं.

तेरेमोआना दुष्ट असती तर बरं झालं असतं. दुष्ट बाईने पाहुणे अर्धपोटी पाठवले असते. ही जमिनीतल्या भट्टीत तापल्या दगडांवर डुक्कर भाजायची, नारळाच्या दुधात अळू शिजवायची, आणि पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की बिचारा लाजतोय असं समजून पुन्हा वाढायची. आकाइतीच्या अंगणात माणसं उतरायची ती भरलेल्या होड्यांसारखी, एका बाजूला कलत.

आकाइती करायची पोके. पिकल्या केळ्यांचा लगदा अरारूट घालून भाजायचा, वड्या पाडायच्या, वर नारळाचं घट्ट दूध. पाहुणे एक वडी खायचे, हसायचे, आणि बशी अशा हळुवारपणे बाजूला सरकवायचे की शिवी परवडली असती. उरलेलं कोंबड्या खात. गावातल्या सगळ्यात लठ्ठ कोंबड्या तिच्याच होत्या, आणि लोक तिला हे पुन्हा पुन्हा सांगत.

त्या गुरुवारी योआने दुपारीच येऊन गेला. कुंपणाबाहेरूनच बोलला, म्हणजे बातमी वाईट.

“काकू, रागावू नका. आज पण बश्या तशाच परत आल्या तर पुढच्या वेळेपासून गोड धक्क्यावरच्या आइस्क्रीमवाल्याकडे.”

“आइस्क्रीम? त्याला घर आहे का? प्रार्थना कोण म्हणणार, फ्रीज?”

“प्रार्थनेचंच म्हणाल तर…” योआने घुटमळला. “काकांना जरा आटोपती घ्यायला सांगा.”

काका म्हणजे तूताइ, तिचा नवरा, चर्चचा कारभारी. जेवणाआधी तो कोळ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, विमानाच्या चालकासाठी, शेजाऱ्याच्या गाभण डुकरिणीसाठी प्रार्थना करायचा. तोवर पाहुण्यांचे डोळे मिटायचे, ते भक्तीने नव्हे.

आकाइती ओट्याशी केळी सोलायला लागली. गुरुवार गेला तर तिच्या अंगणात कोण येणार होतं? मुलं ऑकलंडला, सुना फोनमध्ये. रोज संध्याकाळी खडकांवर फुटणारी समुद्राची ती पांढरी रेघ, आणि तिच्याकडे बघत बसलेली दोन माणसं. तिने पोके थोडंच केलं. उगाच कोंबड्या कशाला वाढवायच्या?

पाहुणे आले. न्यूझीलंडचा एक मेंढीवाला आणि त्याची बायको, दोन जर्मन बहिणी, आणखी काही. मेंढीवाला खुर्चीत बसला नाही, ओतला गेला. तूताइने डोळे मिटून हात जोडले.

“थांबा,” आकाइती म्हणाली. “आधी नाच.”

तूताइचे डोळे उघडले. “जेवणाआधी?”

“प्रार्थनेआधी. प्रार्थनेनंतर नाचलं तर तुम्हीच म्हणाल पाप.”

“अगं, कारभारी आहे मी!”

“लग्नाआधी कोण होतात? हॉटेलात मी नाचायचे तेव्हा माझ्या कमरेकडे बघून कोणाचा ठेका चुकायचा?”

तूताइने पाहुण्यांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग मुकाट्याने पडवीतला पोकळ ओंडक्याचा ढोल ओढून आणला, वरची कोंबडी हाकलली आणि काठ्या हातात घेतल्या. पहिला ठोका वयस्कर होता. दुसरा नव्हता.

“बायकांनो, खांदे हलले तर बघा! फक्त कंबर. आणि तुम्ही गडी, टाचा जुळवा, गुडघे उघडा, मिटा. कात्रीसारखे. अहो मेंढीवाले, कात्री म्हटलं मी, दरवाजा नाही!”

आकाइतीचा गुडघा केव्हाच संपावर गेला होता, पण कमरेला ते कोणी कळवलं नव्हतं. जर्मन बहिणी हसून हसून एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मेंढीवाला घामाने निथळला, त्याने सदरा काढला आणि बायकोने कितीतरी वर्षांनी त्याला शिट्टी मारली. ठेका थांबल्यावर सगळे धापा टाकत बाकांवर कोसळले. तूताइलाही दम लागला होता. प्रार्थना एका श्वासात संपली.

बश्या चाटूनपुसून परत आल्या. मेंढीवाला म्हणाला, “अजून आहे?”

या प्रश्नाची ती इतके दिवस वाट पाहत होती. तिने भांड्यात डाव घातला आणि तो तळाला खडखडला.

पाहुण्याने मागावं आणि भांडं रिकामं असावं! परतलेल्या बश्या म्हणजे नुसता अपमान. हे तर काळं तोंड. ती योआनेच्या कानाशी लागली. “जा, वन्संना सांग… काही उरलं असेल तर.”

तेरेमोआना निरोपाआधीच निघाली असावी इतक्या लवकर आली, डोक्यावर टोपली, टोपलीत डुकराचं मांस आणि अळू.

“काय गं वहिनी, पाहुणे उपाशी? ऐकून मला चक्करच आली.”

“नाचले म्हणून भूक लागली. तुमच्याकडे नुसते बसतात.”

“बसतात, कारण उठवत नाही त्यांना!”

गोडानंतर डुक्कर आलं आणि तेही संपलं. बारमध्ये जायचं नाव कोणी काढेना. योआने गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाला, “काकू, आइस्क्रीमवाला गेला खड्ड्यात. पुढच्या वेळी जेवण आणि गोड दोन्ही इथेच ठेवू. दोन घरं कशाला?”

तेरेमोआनाचा हात टोपलीवर थांबला. बोटांना अजून भट्टीची राख होती. तिने रिकामी टोपली जवळ ओढली.

आकाइतीला एक क्षण फार गोड वाटलं. मग तितकं गोड वाटेना.

“दोन घरं राहतील,” ती म्हणाली. “फक्त वन्सं, तुम्ही जरा कमी वाढा.”

“कमी?” तेरेमोआनाने खरोखरच विचार केला. “कमी कसं वाढतात?”