मोटारीचा चरा

निपाणीत तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यातली एक आमच्या तंबाखूच्या वखारीपुढं उभी असायची. काळीभोर, तोंड दिसेल अशी पुसलेली. वडील ड्रायव्हर ठेवायला तयार होते, पण मी तिला कुणाला हात लावू देत नसे. पत्नी चेष्टेनं म्हणायची, "माझ्याकडं कधी एवढं निरखून बघितलंय का?" मी ते हसण्यावारी न्यायचो.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातव्या महिन्यात सासरे तिला न्यायला सदलग्याहून आले, तर मी त्यांना एकट्यालाच परत लावून दिलं. म्हणालो, "आप्पा, बैलगाडीत हादरे कशाला खायाचे तिनं? मोटार दारात हाय. दिवस भरत आले की आणून सोडतो." ते उंबऱ्यापाशी जरा घुटमळले, मग "बरं" म्हणून गेले. आपण किती शहाण्यासारखं बोललो असं मला वाटलं होतं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

आठव्यातच एका सकाळी तिला रक्त जायला लागलं. सुईण घाबरली, बेळगावच्या दवाखान्यात न्या म्हणाली. माझी थोरली बहीण, आक्का, तिचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसली आणि आम्ही निघालो. तवंदीच्या घाटात कडब्यानं भरलेली बैलगाडी आडवी आली. मी कडेनं मोटार घातली आणि गाडीच्या आसाचं लोखंडी टोक पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत कर्रकन ओरखडत गेलं.

मी मोटार थांबवली. खाली उतरलो. बोट घालून बघितलं, तर आतला पत्रा दिसत होता. मग मी त्या गाडीवानावर जो सुटलो! तो बिचारा हात जोडून कन्नडमध्ये माफी मागत होता, आणि कन्नड मला चांगलंच येत असल्यामुळं मी त्याचे बापजादेही सोडले नाहीत. मागून तिचा आवाज आला, "अहो, ऱ्हाऊ द्या. चला." थोड्या वेळानं पुन्हा आला, "ऱ्हाऊ द्या. चला." मी दोन्ही वेळा ऐकलं. ऐकून भांडत राहिलो.

बेळगावात मुलगी वाचली. तिची आई गेली.

तो पाव तास मी भांडलो नसतो तर ती वाचली असती, असं मला कोणी सांगितलं नाही. वाचली नसती, असंही कोणी सांगितलं नाही. आक्कानं तर त्या दिवसाबद्दल तोंडच उघडलं नाही, आणि तिच्या त्या गप्प बसण्याची मला भीती वाटायची.

सासरे तापानं अंथरुणाला खिळलेले, लेकीच्या अंत्यदर्शनालाही त्यांना येता आलं नव्हतं. त्यांचा निरोप आला, बाराव्या दिवशी मोटार घेऊन मला न्यायला या, नातीला बघायचंय. निरोप ऐकून मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? चरा. ते विचारणार, हे कुठं लागलं? आणि मग मला सांगावं लागणार. त्यांनी बघायच्या आत तो चरा गेलाच पाहिजे, एवढं एकच मनात धरून मी मोटार वखारीत घातली आणि दार लावून घेतलं.

सुतकात बाजारात जायचं नव्हतं आणि कारागिराला बोलवायचीही सोय नव्हती. घरात होतं त्यावर भागवलं. काचकागदानं चऱ्याच्या कडा घासल्या. दारं-खिडक्यांच्या भेगा बुजवतात तशी खडूची पूड जवसाच्या तेलात मळून लांबी केली, ती चऱ्यात दाबून भरली आणि चार दिवस वाळू दिली. मग पुन्हा घासून सपाट केली. हात फिरवला तर काही लागत नव्हतं, पण काळ्या मोटारीवर पांढरी रेघ आता पहिल्यापेक्षा लांबून दिसू लागली. काळा रंग हवा होता.

देवघराच्या कोनाड्यात एक पितळी डबी होती. जन्माआधी बाळाचं काही करून ठेवू नये म्हणून आक्का माझ्या पत्नीला रागवायची, तरी तिनं लपून काजळ धरलं होतं. तांब्याच्या भांड्याखाली एरंडेलाचा दिवा लावून, तूप आणि कापूर घालून घोटलेलं. मी डबी उघडली. काजळ मऊ झालंय का बघायला तिनं बोट टेकवलं असावं, त्याचा खळगा वर तसाच होता. मी डबी मिटली. थोड्या वेळानं पुन्हा उघडली, आणि तो खळगा मोडून सगळं काजळ जवसाच्या तेलात कालवलं.

रेघ झाकली. मला बरं वाटलं, हेही खरं. तूप आणि एरंडेल कधी वाळत नाही, हे स्वयंपाकघरात पाऊल न टाकणाऱ्या माझ्यासारख्याला कुठून कळणार?

बाराव्या दिवशी सदलग्यात ती बाजू भिंतीला लावून मोटार उभी केली आणि सासऱ्यांना दुसऱ्या दारानं आत बसवलं. निपाणीत उतरले तेव्हा पाय लटपटत होते. मी हात द्यायला वळेपर्यंत ते मोटारीचा आधार घेत पलीकडच्या बाजूला गेलेही होते.

त्यांनी तळहात बघितला. काळा झाला होता. नाकाशी नेला.

"जावई, कापूर घातलेलं काजळ हाय ह्ये. आमच्या घरात असं करत्यात."

मग मला लपवता आलं नाही. चरा, गाडीवान, मी घातलेला वाद, डबी, सगळं तिथंच उभ्यानं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तवा ती काय म्हनाली?"

"ऱ्हाऊ द्या, चला, म्हनाली."

ते त्या दाराकडं वळले. त्यांचा हात पडला होता तिथं काळं निघून लांबीची पांढरी रेघ उघडी पडली होती.

आत आक्कानं हात धुवायला पाणी पुढं केलं. त्यांनी तांब्या बाजूला सारला, नातीला मांडीवर घेतलं आणि त्याच काळ्या बोटानं तिच्या तळपायाला तीट लावली. म्हणाले, "आईनं केलेलं हाय गं, बाळ."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आमची सून ओली बाळंतीन हाय, दूध पाजंल. पोरीला मी घेऊन जातो."

मला नाही म्हणायचा हक्क नव्हता. मी म्हणालो, "थांबा, मोटार काढतो."

"नको," ते म्हणाले. "बैलगाडी सांगा."